बुंध्याशेजारचा मुनवा

नोव्हेंबरच्या शेवटी आजी पेटीतून जांभळा कपडा काढायची आणि घरच्या अल्तारावर अंथरायची. मग आम्हां मुलांना सांगायची, "आता चार रविवार. नाताळची घाई करायची नाही."

तोच आगमनकाळ. चर्चमध्ये फादरांची वस्त्रंही जांभळी व्हायची, रविवारच्या मिस्सातलं ग्लोरिया थांबायचं, ते थेट नाताळच्या मध्यरात्री पुन्हा उसळायचं. तिसऱ्या रविवारी मात्र जांभळ्याचा गुलाबी व्हायचा. "निम्म्याहून जास्त वाट सरली," आजी म्हणायची. आता डिसेंबर उजाडायच्या आत गल्लीभर चांदण्या लागतात. मुलांना त्यांचा आनंद होतो हे खरं, पण त्या चार आठवड्यांचा काळोख हवाच, असं मला मनापासून वाटतं.

याच दिवसांत आजी घंटांची गोष्ट सांगायची. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेनं वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, आणि चर्चच्या घंटाही फौजेबरोबर गेल्या. आजीच्या आजीनं तिच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलं असं : त्या वर्षी आगमनाचा पहिला रविवार कुठला, हे सांगायला घंटा नव्हती. घरातल्या बायकांनी दिवस बोटांवर मोजले, दिवा लावला आणि तोंडपाठ होत्या तेवढ्या प्रार्थना म्हटल्या. पाद्री कधी येईल, येईल की नाही, कुणाला ठाऊक नव्हतं. कागदावर हे कुठं मला सापडलेलं नाही. पण वसईत मागं उरलेले आपले ख्रिस्ती लोक कसे राहिले असतील, याचं याहून खरं चित्र माझ्यापाशी नाही.

त्या गेलेल्या घंटांतली एक मी पाहिली आहे. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळाच्या दर्शनी भागी ती टांगलेली आहे, तिच्यावर 1721 हे साल आहे. भीमाशंकरलाही वसईच्या मोहिमेतली म्हणून एक दाखवतात. नाशिकला उभा होतो तेव्हा मनात राग आला नाही. पितळेसारखा तो काळवंडलेला रंग बघत राहिलो, आणि त्या बायकांची बोटं आठवली.

आजीला लॅटिन येत नव्हतं. तिच्या अर्ध्या आयुष्यात मिस्सा लॅटिनमध्ये चालायची, आणि ती बाकावर बसून रोझरी म्हणायची. 4 डिसेंबर 1963 ला व्हॅटिकन परिषदेनं उपासनेत लोकांच्या भाषेला वाट मोकळी केली. तेव्हाही आगमनकाळाचा पहिलाच आठवडा चालू होता. पुढं मराठीत मिस्सा सुरू झाली. त्यानंतरच्या आगमनकाळी यशयाचं वाचन पहिल्यांदा कानी पडलं, तोडलेल्या बुंध्याला कोंब फुटण्याचं, तेव्हा आजी घरी येऊन आजोबांना म्हणाली, "अहो, देवानं आपली वाडी पाहिलीय."

कारण बुंधा आणि कोंब हे तिचं रोजचंच होतं. आमच्या वाडीत राजेळी केळी होत्या. त्याच केळ्यांची सुकेळी होतात. घड उतरवला की केळीचं आयुष्य संपलं, ती पुन्हा फळत नाही. आजी कोयत्यानं खोड कापायची. पांढरं, ओलं, जाळीदार आतडं उघडं पडायचं आणि पाणी निथळत राहायचं. मला रडू यायचं. ती माझं डोकं खाली वाकवून शेजारची माती दाखवायची : गुंडाळलेल्या एकाच पानाचा, भाल्याच्या टोकासारखा मुनवा. आई उभी असतानाच तो खालून निघालेला असायचा, आम्हीच पाहिलेला नसायचा.

आजी गेली त्या वर्षी मी तिच्यासारखाच जांभळा कपडा अंथरला. घड उतरलेली एक केळ परसात उभी होती. पहिल्या रविवारी मिस्साहून आल्यावर मी कोयता घेतला, खोड कापलं आणि पाणी निथळेपर्यंत तिथंच बसून राहिलो. मग माती हातानं बाजूला केली. तीन होते. दोन काढले, एक ठेवला, आणि त्याच्या बुडाशी आळं केलं.