पोचपावती आणि वेग : संगणकीय माहितीवहनाच्या दोन पद्धतींचा इतिहास

संगणकांमधील माहितीवहनाच्या ‘विश्वासार्ह’ व ‘अविश्वासार्ह’ या दोन पद्धतींचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. कोकणातील वाचकास हा भेद अपरिचित नाही. मुंबईच्या चाकरमान्याने कुडाळला पाठविलेल्या मनीऑर्डरीची सहीनिशी पावती त्याच्याकडे परत जात असे. साध्या पोस्टकार्डाची मात्र कोठेच नोंद नसे.

मूळ टीसीपी नियमावली एकसंध होती. तथापि संभाषणातील हरवलेला तुकडा उशिरा मिळून उपयोग नसतो, हे ध्वनिवहनाच्या प्रयोगांत दिसून आल्याने १९७८ मध्ये तिची फोड करण्यात आली. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८० मध्ये यूडीपीची नियमावली अवघ्या तीन पानांत मांडली. तीत पोचपावती नाही. सप्टेंबर १९८१ च्या टीसीपीत मात्र प्रत्येक बाइटला क्रमांक, पोच आणि गहाळ झाल्यास पुनर्प्रेषण अशी तरतूद आहे.

भारतात १९८६ मध्ये अर्नेट प्रकल्प सुरू झाला. मुंबईतील एनसीएसटी व आयआयटी या संस्था त्यात होत्या. सेकंदाला ९६०० बिटांच्या तारेवर पोचपावतीचा भार फारसा जाणवत नसे. वेग वाढला तशी अडचण उघड झाली. पोच येण्यापूर्वी टीसीपी मुळात ६५,५३५ बाइटच पाठवू शकत असे. जाण्यायेण्यास सेकंदाचा दहावा भाग लागला, तर तार कितीही मोठी असो, सेकंदाला सुमारे ५२ लाख बिटांपलीकडे जाता येत नसे. १९९२ मध्ये ही मर्यादा वाढविण्यात आली. परंतु पोच येईपर्यंत प्रत जपण्याचे ओझे प्रेषकावर राहिलेच.

नारायणगावजवळील खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. नूतनीकरणानंतर तिचा पट्टा सुमारे ३२ वरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला. एवढ्या पट्ट्यासाठी प्रत्येक संकेताचे सेकंदाला किमान ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. ते १० गिगाबिट इथरनेटवरून यूडीपी पाकिटांत गणकयंत्रांकडे जातात. आकाशातून येणारा संकेत थांबवून ठेवता येत नाही. मागाहून आलेले पाकीट येथे निरुपयोगी. पाकिटावर अनुक्रमांक असला की खंड कोठे पडला ते कळते आणि तेवढा भाग वगळता येतो. म्हणून ‘अविश्वासार्ह’ ही संज्ञा येथे दिशाभूल करणारी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हीच निरीक्षणे पुढे फाइलरूपाने संशोधकाकडे जाताना मात्र एकही बाइट गहाळ झालेला चालत नाही.

मे २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या क्विक नियमावलीत यूडीपीच्याच पाकिटात पोचपावती व पुनर्प्रेषण पुन्हा समाविष्ट करण्यात आले आहे.