शुद्ध हृदय व केडगावचे आध्यात्मिक पुनरुज्जीवन (१९०५)

पापाची जाणीव, पश्चात्ताप आणि ईश्वरी कृपेने अंतःकरण नवे होणे, या अनुभवाला ख्रिस्ती धर्मात मध्यवर्ती स्थान आहे. बायबलच्या जुन्या करारातील ५१ व्या स्तोत्रात शुद्ध हृदयासाठी याचना आढळते. परंपरेने हे स्तोत्र दावीद राजाच्या पश्चात्तापाशी जोडले आहे. त्यात योजिलेले ‘बारा’ हे हिब्रू क्रियापद उत्पत्तीच्या आरंभी विश्वनिर्मितीसाठी आलेले आहे. शुद्ध हृदय मनुष्याने स्वप्रयत्नाने मिळवावयाचे नसून ते ईश्वराने निर्माण करावयाचे आहे, असा त्याचा अर्थ लावला जातो. बाप्तिस्मा झाला म्हणजे हा अनुभव आलाच असे नाही, असे जॉन वेस्लीसारख्या (१७०३–९१) सुधारकांनी आग्रहाने सांगितले. महाराष्ट्रात या विचाराचा सर्वांत ठळक आविष्कार केडगाव (जि. पुणे) येथील मुक्तिसदनात झाला.

मुक्तिसदनाच्या संस्थापिका पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. तथापि धर्म स्वीकारूनही ख्रिस्ताची प्रत्यक्ष ओळख आपणास झाली नव्हती, असे त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात (१९०७) नमूद केले आहे. ही उणीव सु. आठ वर्षांनी भरून निघाली. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यास निमित्त झाले. स्वतःचेच प्रवचन देत असता १८५१ मध्ये हॅस्लमला अंतःपरिवर्तनाचा अनुभव आला होता. रमाबाईंचे हे आंतरिक परिवर्तन व शारदासदनावरील धर्मांतराचा आरोप एकाच काळातील होत. १८९३ मध्ये सदनाच्या सल्लागार मंडळातील न्या. म. गो. रानडे, रा. गो. भांडारकर प्रभृतींनी आपला संबंध तोडला. दोन्ही बाजूंना तो निर्णय सोपा नव्हता.

१८९६ नंतरच्या दुष्काळांत रमाबाईंनी मध्य प्रांत व गुजरातमधून शेकडो निराश्रित मुली केडगावी आणल्या. या मुलींपैकी बहुतेकींचा बाप्तिस्मा झाला असला, तरी त्यांचे अंतःकरण पालटले आहे काय, ही चिंता रमाबाईंना होती. वेल्समधील पुनरुज्जीवनाच्या वार्ता येत असताना जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी सु. ७० स्त्रियांचा प्रार्थनागट सुरू केला. जूनपर्यंत ही संख्या ५५० वर गेली. २९ जूनच्या पहाटे एका मुलीच्या अंगावर ज्वाळा दिसल्याने सोबतीण पाण्याची बादली आणण्यास धावली, असे मिनी एब्रम्स या अमेरिकन सहकारिणीने लिहिले आहे. ही आख्यायिका पुढे वारंवार सांगितली गेली. परंतु त्यानंतरच्या पापनिवेदनांचे महत्त्व इतिहासदृष्ट्या अधिक आहे. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानकृत शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावीत असता मुलींनी मोठ्याने रडत प्रार्थना सुरू केली व त्यांना पाठ थांबवावा लागला. मुली आपले अपराध उघड कबूल करू लागल्या आणि अनेक जणी आसपासच्या गावांत धर्मोपदेशासाठी जाऊ लागल्या.

या भावनावेगावर टीका झाली. भारतीयांनी आपल्या प्रकृतीस साजेल अशा रीतीने ईश्वरभक्ती व्यक्त करावी, पाश्चात्त्य शिष्टाचाराचे दडपण त्यांवर असू नये, अशी रमाबाईंची भूमिका होती. काही स्त्रियांना अपरिचित भाषांत बोलण्याचा अनुभव आला. मात्र तो प्रत्येकीस आलाच पाहिजे असे त्यांनी मानले नाही. मुक्तिसदनातील घटना लॉस अँजेल्समधील अझुझा स्ट्रीटच्या चळवळीपूर्वीच्या (१९०६) असल्याने ती केवळ त्या चळवळीची शाखा मानणे कालक्रमाला धरून नाही. एब्रम्सच्या १९०६ मधील पुस्तिकेद्वारे केडगावचा वृत्तांत चिलीतील मेथडिस्टांपर्यंत पोहोचला आणि तेथील १९०९ च्या पुनरुज्जीवनास चालना मिळाली.

रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरच्या काळात सामान्य स्त्रियांना कळेल अशा सोप्या मराठीत मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचा अनुवाद केला. तो त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये मुक्तिसदनाच्या छापखान्यातून प्रसिद्ध झाला.