मत्स्यन्याय आणि मूठभर पेंड

मोठा मासा लहान माशाला खातो, ही गोष्ट आपल्याला इतकी पाठ झालीय की तिचा आपण एक न्यायच करून टाकला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजा का हवा, हे सांगताना या मत्स्यन्यायाचाच दाखला येतो. राजदंड नसेल तर बळी तो कान पिळी. तेव्हापासून आजच्या अग्रलेखांपर्यंत आपण बिचाऱ्या माशाला वाईट उदाहरण म्हणून वापरत आलो. माझ्यासारख्या कवितेत रमणाऱ्या माणसाला अशा रुळलेल्या उपमांचा संशय येतो. मासा माशाला खातो हे खरं. पण कधी खातो, कुठला मासा खातो आणि त्याआधी त्याच्या पोटात काय गेलेलं असतं, हे कुणी विचारत नाही. हा प्रश्न विचारायला बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके फार सोयीचे आहेत.

माशाला काय आवडतं, याची चौकशी आपल्याकडे नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ ठाऊक असतो तो त्यातल्या जुन्या मराठी गीताच्या ओळींमुळे. पण त्यात ‘मत्स्यविनोद’ असाही एक भाग आहे. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, कुणाला काय चारावं, कुणाला कुठलं आमिष लावावं, हे सारं राजाने बारकाईनं नोंदवलंय. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 साली या भागावर लेख लिहून तो जगापुढे आणला. राजाचा हेतू गळ टाकण्याच्या करमणुकीचा होता, हे मान्य. पण प्रत्येक माशाची भूक वेगळी असते, हे त्याने ओळखलं होतं.

चारण्याची दुसरी परंपरा देवाच्या डोहांची. महाडजवळच्या वाळणकोंडीला काळ नदीच्या डोहात देवाचे मासे राखलेले आहेत. भाविक खाऊ टाकतात आणि मोठमोठे मासे काठाशी गर्दी करतात. तिथे कुणी गळ टाकत नाही. हाताने चारलेला मासा माणसाच्या चाहुलीला पळून जायचं सोडून जवळ येतो, हे आपल्या लोकांनी प्रयोगशाळेशिवाय पाहिलं होतं. आजचा शेततळेवाला हेच रोज पाहतो. ठरल्या वेळी, ठरल्या कोपऱ्यात खाद्य टाकलं की चार-सहा दिवसांत मासे त्या वेळेआधीच तिथे येऊन थांबतात. माशाला आठवण नसते असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या कोपऱ्यावर उभं राहावं.

आपल्या भागात मासा हा मुळात नदी-ओढ्याचा. भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या मधला हा मुलूख पावसाच्या बाबतीत तसा उपाशीच. इंग्रजांच्या काळात नीरेचा डावा कालवा आला, बागायत आली, ऊस आला. मग 1980 साली भीमेवर उजनीचं धरण पुरं झालं. 117 टीएमसीचा हा साठा. इंदापूर तालुक्यातली किती तरी गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ अजूनही उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. जमीन गेली आणि पाणी आलं. भिगवणला माशांचा बाजार उभा राहिला.

त्याच्या आधी, 1957 साली, ओडिशात एक मोठी गोष्ट घडून गेली होती. डॉ. हिरालाल चौधरी यांनी पियूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन बंदिस्त पाण्यात कार्प माशांचं प्रजनन घडवलं. तोवर बीज मिळवायचं म्हणजे पुराच्या नदीत जाळं लावून बसायचं. आता ते हुकमी मिळू लागलं आणि मत्स्यशेती गावोगाव पोचली. पण या शोधानं आणखी एक गोष्ट झाली. मासा जन्मापासून माणसाच्या हातात आला. नदीत तो आपलं पोट आपण भरत होता. तळ्यात त्याचं पोट आपल्या मुठीत आलं.

आपल्या तळ्यांत प्रामुख्याने तीन देशी मासे एकत्र सोडतात. कटलाचं तोंड वर वळलेलं, तो पृष्ठभागालगतचे सूक्ष्म जीव टिपतो. रोहू मधल्या थरात फिरतो. मृगळाचं तोंड खाली, तो तळाचा गाळ चाळतो. एकाच घरात तीन मजले आणि तीन चुली, त्यामुळे भांडण नाही. मत्स्यन्यायाला इथे जागाच नाही. शेण टाकून पाणी हिरवं करायचं, वर शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा निम्मा-निम्मा, ही जुनी शिदोरी. आता शेततळ्यांना प्लॅस्टिकचा कागद आला. पाणी टिकलं, पण तळाचा गाळ गेला. मृगळाचं चरायचं रानच उणं झालं. अशा तळ्यात मासा जवळजवळ सर्वस्वी आपल्या पोत्यावर जगतो.

त्या पोत्यात काय आहे, हा खरा प्रश्न. नुसत्या शेंगदाणा पेंडीत लायसिन आणि मिथिओनिन ही अत्यावश्यक द्रव्यं कमी पडतात. पेंड ओलसर राहिली तर बुरशी धरते. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी मेले, त्याचं कारण बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड निघालं. त्याच सुमाराला अमेरिकेत पाळलेल्या ट्राउट माशांना यकृताच्या गाठी होऊ लागल्या. त्यांच्या खाद्यात सरकीची पेंड होती आणि विष तेच, अफ्लाटॉक्सिन. जनावर बोलत नाही, मासा तर हंबरतही नाही. म्हणून त्याचं दुखणं फार उशिरा कळतं.

जास्त खाऊ घालणं हेही प्रेम नव्हे. उरलेलं खाद्य तळाशी कुजतं, ते प्राणवायू खातं. रात्रभर पाण्यातला प्राणवायू उतरत जातो आणि पहाटे मासे वर येऊन तोंड वासतात. नवख्याला वाटतं, भूक लागली, आणखी टाका. तो श्वासासाठीचा आकांत असतो. उलट खाद्य कमी पडलं की धटिंगण आधी खातात, दुबळे मागे राहतात. एका वयाच्या माशांत लहान-मोठे पडतात आणि मांसाहारी जातींत मोठे लहानांना गिळू लागतात. म्हणजे तो प्रसिद्ध न्याय पुष्कळदा वाढप्याच्या हाताने सुरू होतो.

खाद्यानं स्वभाव बदलतो, याचा पुरावाही आहे. ट्रिप्टोफॅन नावाचा प्रथिनांचा एक घटक आहे. शरीर त्यापासून मेंदूतलं सेरोटोनिन बनवतं. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय प्रयोगात ट्राउट माशांच्या खाद्यात ते वाढवलं. तीन दिवसांत फरक दिसला नाही, पण सात दिवसांनी त्यांची मारामारी कमी झाली. मुंबईतल्या वर्सोव्याच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेतल्या संशोधकांनी आपल्या मृगळाच्या बोटुकल्यांवर असं काम केलं. ते 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. दाटीत ठेवलेल्या बोटुकल्यांना हे द्रव्य दिल्यावर ताणाची लक्षणं कमी झाली आणि वाढ सुधारली. त्याच वर्षी बारामतीजवळ माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण संशोधनाची संस्था सुरू झाली. दुष्काळ, उष्णता, क्षार यांचा पिकांवर आणि जनावरांवर काय परिणाम होतो, हा तिचा विषय. तिथल्या शास्त्रज्ञांनी पंगस माशाच्या खाद्यात जस्त आणि सेलेनियम अल्प प्रमाणात मिसळून पाहिलं. उष्ण पाणी आणि शिशासारखा विषारी धातू यांचा मारा सोसायला त्याची मदत होते, असं त्यांना आढळलं. आपल्या उन्हाळ्यात उथळ तळ्याचं पाणी किती तापतं हे ज्याने हात घालून पाहिलंय, त्याला या कामाचं मोल सांगायला नको.

आता याच इंदापूर तालुक्यातली दुसरी बाजू. थाई मागूर हा मूळ आफ्रिकेतला अधाशी मासा. त्याच्या पाळण्यावर देशात 2000 सालीच बंदी आली. तरी उजनीच्या काठाने चोरून तळी झाली. कत्तलखान्याचा टाकाऊ माल, मेलेल्या कोंबड्या असलं सडकं त्यात ओतायचं, खर्च कमी आणि वजन झटपट. 2018 साली राष्ट्रीय हरित लवादाने कान उपटले, मग तळी उद्ध्वस्त करण्याच्या कारवाया झाल्या. दाटीत, काळ्या पाण्यात, सडक्या मांसावर वाढलेला तो मासा एकमेकांना फाडतो. त्याला आपण राक्षस म्हणतो. त्याच्या पुढ्यात ते ताट कुणी ठेवलं?

आणि उजनीतल्या मोकळ्या माशाचं काय? मुळा-मुठेतून, भीमेतून पुणे-पिंपरीचं सांडपाणी इथे उतरतं. त्यावर शेवाळ पोसतं आणि जवळजवळ काहीही खाऊ शकणारी चिलापी फोफावते. ही चिलापी 1952 साली बाहेरून देशात आणली गेली. तिने जाळी भरली, पण चांगल्या देशी माशांच्या वाट्याला आलेलं पाणी तिचं झालं. शहर जे टाकतं, ते धरण खातं. भिगवणच्या बाजारातून ते पुन्हा आपल्या ताटात येतं.

कोरड्या जागी राखलेली ताजी पेंड, ठरलेली वेळ, पंधरा मिनिटांत संपेल एवढंच खाद्य, पहाटे तळ्यावर एक फेरी. यात कुठलाही मोठा खर्च नाही. मासा विकायचाच आहे, खायचाच आहे, मीही आवडीनं खातो. पण जितके दिवस तो आपल्या दाराशी आहे, तितके दिवस तो आश्रित आहे, आणि आश्रिताला सडकं वाढू नये, हे आपल्या घराघरातलं वळण आहे. मत्स्यन्याय हा शब्द राहू द्या कोशात. पण तो उच्चारताना एकदा मनात येऊ द्या, की पाण्यातल्या त्या झगड्यात मूठ आपली आहे.

(नभोवाणी भाषणाचे संपादित रूप)