रामाचं नाव न घेता रामायण

मी कॉमर्सचा पदवीधर आणि पोटासाठी बँकेतला कारकून. रोज सकाळी इंदापूरहून एस.टी.ने बारामतीला यायचं, दिवसभर लोकांचे पैसे मोजायचे आणि संध्याकाळी आपल्या रिकाम्या खिशानिशी परतायचं. आर्या हे वृत्त असतं असं शाळेत कानावर आलं होतं. पण पुढे आमच्या आळीत त्या नावाच्या तीन मुली जन्मल्या आणि माझा गोंधळ उडाला.

तो निस्तरला एका पेन्शनर गुरुजींनी. उभा जन्म संस्कृत शिकवण्यात गेलेला. पेन्शन घ्यायला आले की पिशवीतून मोरोपंतांच्या काव्याच्या हाताने उतरवलेल्या नकला काढायचे आणि रांगेत वाटायचे. तेही फुकट! बँकेत कुणी फुकट काही देऊ लागलं की आम्हाला आधी संशय येतो.

एकदा मी खिडकीतून खेकसलो, "आज नाही! तिकडे जा! रांगेत राहा!"

गुरुजी प्रसन्न. "वा! शुद्ध निरोष्ठ!"

मग कळलं की पंतांनी एक 'निरोष्ठ रामायण' रचलंय. ओठाला ओठ लागेल असं अक्षरच त्यात घ्यायचं नाही. म्हणजे प, फ, ब, भ, म बाद. म्हणजे रामायणात 'राम' म्हणायची सोय नाही! मी प्रयोग करून पाहिला. बारामती, इंदापूर, बँक, पेन्शन, सगळंच अडलं. 'कर्ज' मात्र सहज निघतं. 'परतफेड' म्हणताना ओठ मिटतात. हा अनुभव आम्हाला खिडकीवर नेहमीचाच.

मोरोपंत जन्मले १७२९ साली, पन्हाळ्याला. तिथे केशव आणि गणेश या पाध्ये बंधूंकडे शिकले आणि पुढे बारामतीत बाबूजी नाईकांच्या आश्रयाला आले. नाईक सावकार. खुद्द थोरल्या बाजीरावाला त्यांनी कर्ज दिलेलं. १७४० साली बाजीराव वारले, तेव्हा रघूजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी नाईकांचं नाव पुढे केलं. शाहू महाराजांनी वस्त्रं दिली ती नानासाहेबांना. कर्जदाराची खुर्चीच मागायची, हे आमच्या वसुली खात्याला अजून सुचलेलं नाही.

त्या नाईकांच्या पदरी राहून पंतांनी अख्खं महाभारत आर्येत आणलं, 'केकावली' लिहिली. संस्कृतातली ठेव त्यांनी मराठीत मोकळी केली. १७९४ साली ते गेले. नाईकांच्या खतावण्या आज कोण उघडतो? पंतांचं नाव मात्र १८५४ साली परशुरामतात्या गोडबोल्यांच्या 'नवनीता'तून शाळाशाळांत गेलं आणि पोरांनी पाठांतरापायी छड्या खाल्ल्या.

"असले खेळ ग्रीकांतही होते," गुरुजी म्हणाले. "नेस्टर नावाच्या कवीने इलियड नव्याने लिहिलं. चोवीस सर्ग, अक्षरं चोवीस. प्रत्येक सर्गात एकेक अक्षर वर्ज्य. अठराशे वर्षं झाली."

"मिळेल वाचायला?"

"नाही. नकला टिकल्या नाहीत. आणि पंतांची रामायणं एकशे आठ म्हणतात, तीही सगळी कुठे सापडतात?"

मी बँकवाल्याच्या बुद्धीने सुचवलं, "गुरुजी, तुमची बाडं लॉकरमध्ये ठेवा. सुरक्षित राहतील."

"अहो, बियाणं लॉकरात ठेवून पीक येतं का?"

इंदापूरच्या माणसाला यावर उत्तर नसतं.

यंदा नोव्हेंबरात गुरुजी हयातीचा दाखला द्यायला आले. सही करताना हात कापत होता. पिशवी रिकामी. "आता नकला होत नाहीत हो," म्हणाले आणि जरा वेळाने हसून, "मी जिवंत आहे हे तुम्ही लिहून घेता. पंतांच्या दाखल्यावर सही कोण करणार?"

मी त्यांचं एक बाड मागून घेतलं. झेरॉक्स काढता आली असती. पण म्हटलं, एकदा हाताने लिहून बघू. एस.टी.त लिहायला बसलो. निमगाव केतकीला सुरू केलेली वेलांटी भवानीनगरला पुरी होते. चार आर्या उतरवायला आठवडा गेला. पण चारही पाठ झाल्या, त्याही छडीवाचून.

आता पेन्शनच्या दिवशी रांगेत मी नकला वाटतो. लोक संशयाने बघतात. कागद मात्र पैसे काढायच्या स्लिपांचे पाठकोरे आहेत, तेव्हा आमच्या साहेबांना कुणी सांगू नका.