सी. के. कुणाचे?

आमच्या घरी दिवाळीच्या फराळाबरोबर एक भांडणही वाढले जाते. लाडवाच्या पाकावरून किंवा चकलीच्या काट्यावरून नव्हे, ते बायकांचे स्वतंत्र खाते आहे. हे भांडण माझे आणि माझ्या नातवाचे. माझी लेक इंदूरला दिलेली. भाऊबीजेला ती मुलाला घेऊन माहेरी येते, आणि तो आला की दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी प्रश्न निघतोच : सी. के. नायडू कुणाचे? नागपूरचे की इंदूरचे?

२०२३ सालच्या दिवाळीत या भांडणाला वेगळेच वळण लागले. चिरंजीव चौदा वर्षांचे. अभ्यंगस्नान करून बाहेर आले ते नवा सदरा घालायचे सोडून लालभडक फुटबॉलचा सदरा घालून. पाठीवर आकडा ४१.

“आजोबा, आमच्याकडे राईस आला!”

मी म्हटले, “आला असेल तर आईला कोठीत भरून ठेवायला सांग.”

माझ्या अडाणीपणाची कीव करीत त्याने सांगितले की हा राईस खायचा नसून खेळायचा आहे. डेक्लन राईस. लंडनच्या वेस्ट हॅम संघाचा तो कर्णधार होता. जून २०२३ मध्ये त्याने त्या संघाला युरोपातला एक चषक जिंकून दिला, आणि जुलैत तो त्याच शहरातल्या आर्सेनलने दहा कोटींहून जास्त पौंड मोजून आपल्याकडे नेला. आमचे चिरंजीव आर्सेनलचे भक्त. लंडन त्यांनी पाहिलेले नाही, पण तो खेळाडू आला त्या दिवशी इंदुरातल्या त्यांच्या मित्रमंडळींनी सराफ्यात जाऊन जिलब्या खाल्ल्या म्हणे.

“आणि ज्यांचा गेला ते?” मी विचारले.

“ते रडले असतील,” तो सहज म्हणाला आणि शंकरपाळ्याकडे वळला.

मी मात्र तिथेच थांबलो. कारण ज्यांचा गेला त्यांच्यापैकी मी आहे. १९२३ साली नागपूरची गत त्या वेस्ट हॅमसारखीच झाली होती.

खेळाडूंची अशी नेआण इंग्लंडात जुनी आहे. १९०५ साली आल्फ कॉमन नावाच्या फुटबॉलपटूसाठी मिडल्सब्रो संघाने संडरलंडला एक हजार पौंड दिले, तेव्हा तिकडच्या पांढरपेशांत केवढा गहजब झाला. माणसांचा बाजार मांडला, असे म्हणाले लोक. आपल्याकडे मात्र बाजार नव्हता, दरबार होता. संस्थानिकाची मर्जी बसली की पैलवान, गवई आणि क्रिकेटपटू सारखेच उचलले जात. त्यांना मानधन द्यायचे तर पगारपत्रकात कुठेतरी बसवावे लागे. मग गवई दरबारी होत आणि क्रिकेटपटू लष्करात जात.

कोट्टारी कनकय्या नायडूंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. शिकले ते इथल्या हिस्लॉपमध्ये, आणि बॅट हातात धरली ती नागपूरच्याच मैदानावर. १९१६ साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांत ते हिंदू संघाकडून पहिल्यांदा उतरले. पहिल्या धावा काढल्या त्याच मुळी षटकाराने, असे सांगतात. उंच, सडसडीत बांधा, ताठ मान, आणि चेंडू हवेतून मारायला न भिणारा हात. १९२३ मध्ये इंदूरच्या होळकर महाराजांनी त्यांना बोलावून घेतले, आपल्या लष्करात कॅप्टनची जागा दिली, आणि नागपूरचे सी. के. इंदूरचे झाले.

माझे वडील तेव्हा बारा वर्षांचे होते. सी. के. गेले ही बातमी आपण महालात, एका न्हाव्याच्या दुकानात ऐकली, असे ते सांगत. न्हाव्याचा वस्तरा थांबला आणि अर्धी दाढी झालेला गिऱ्हाईकसुद्धा काही बोलला नाही, हे ते दर वेळी तितक्याच गंभीरपणे सांगत. यात पदरचे किती हे मी कधी विचारले नाही. वडिलांच्या दुःखाची उलटतपासणी करू नये.

गंमत अशी की राग होता तो इंदूरवर, सी. के.वर नव्हता. १९२६ च्या डिसेंबरात गिलिगनचा इंग्लिश संघ मुंबईला आला आणि जिमखान्याच्या मैदानावर सी. कें.नी दोन तासांच्या आत १५३ धावा कुटल्या. त्यांत अकरा षटकार. वडिलांनी वर्तमानपत्रातले कात्रण शाळेच्या वहीत चिकटवले आणि खाली शाईने लिहिले, ‘आपले सी. के.’ ते इंदुरी नोकरीत होते हे त्या वहीला मान्य नव्हते. पुढे २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर हिंदुस्थानचा संघ पहिल्या कसोटीला उतरला, त्याचे कर्णधार सी. के. होते. तेव्हाही वही तेच म्हणत होती. वडिलांचे एक ठरलेले वाक्य असे : “नागपूरचं संत्रं इंदूरला नेलं म्हणून ते इंदुरी होत नाही.”

पण खरे बोलायचे तर इंदूरने त्या संत्र्याची बाग केली. सी. के. तिथे गेले म्हणून मुश्ताक अली घडला. त्यांच्यामागून त्यांचे धाकटे भाऊ सी. एस. नायडू, तेही नागपूरचेच, होळकर संघात आले. पुढे आमचाच हिरालाल गायकवाडही तिकडे गेला. होळकर संघाने १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ अशी चार वेळा रणजी करंडकावर मोहोर उमटवली. इकडे नागपूरकर वर्तमानपत्रांतले आकडे वाचत आणि त्यांत आपली माणसे शोधत.

हे सगळे नातवाला सांगताना मला एकदम एक हुकमी पान आठवले. म्हटले, “तुझ्या आर्सेनलचा एक फुटबॉलपटू आमच्या सी. के.च्या हाताखाली खेळलाय, ठाऊक आहे?”

त्याच्या हातातली करंजी खाली राहिली.

हे मात्र शंभर टक्के खरे आहे. डेनिस कॉम्प्टन. इंग्लंडचा थोर फलंदाज, आणि हिवाळ्यात आर्सेनलचा फुटबॉलपटू. १९४८ मध्ये आर्सेनलने लीग जिंकली आणि १९५० मध्ये एफ. ए. चषक जिंकला, त्या दोन्ही वेळी तो त्यांचा होता. दुसऱ्या महायुद्धात फौजेबरोबर तो इंदूरजवळच्या महूला येऊन पडला, आणि होळकर संघाला आयताच सापडला. मार्च १९४५ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर रणजीचा अंतिम सामना झाला, मुंबई विरुद्ध होळकर. विजय मर्चंटने दुसऱ्या डावात २७८ धावा काढल्या. होळकरांपुढे ८६७ धावांचा डोंगर उभा राहिला. कॉम्प्टन नाबाद २४९ वर राहिला आणि संघ ४९२ वर संपला. त्या सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून २०७८ धावा झाल्या, आणि सी. एस. नायडूंनी एकट्याने ९१७ चेंडू टाकले. सामना ३७४ धावांनी गेला. पण नागपूरचा कर्णधार, नागपूरचा गोलंदाज, लंडनचा फलंदाज आणि नाव होळकरांचे, अशी ती पंगत होती.

नातू बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, “म्हणजे कॉम्प्टन पण आमचा.”

आता काय बोलावे! इंदूरकरांची ही जुनी खोड आहे. घरात आलेला पाहुणा ते परत जाऊ देत नाहीत.

नागपूरला द्यायची सवय होती, घ्यायची नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, आमची राजधानी गेली, आम्ही मुंबई राज्यात आलो आणि इंदूर नव्या मध्य प्रदेशात. १९५७-५८ च्या हंगामापासून विदर्भ या नावाने आमचा संघ रणजी खेळू लागला. पुढची कित्येक दशके त्याने काय केले, हे सणासुदीच्या दिवशी न सांगितलेले बरे. सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर मीही दुपारच्या दुपारी डबा घेऊन बसलो आहे. संघ हरला की आम्ही मित्र एकमेकांकडे न बघता सायकली काढत असू.

म्हणून २०१५ साली मुंबईचा वसीम जाफर विदर्भाकडून खेळणार अशी बातमी आली, तेव्हा सकाळच्या फिरण्यानंतर तर्री-पोह्यांच्या गाडीवर आमची मोठीच सभा भरली. आनंदाने नव्हे. जाफर तेव्हा सदतीस वर्षांचा.

“मुंबईनं वापरून झालेला माल आपल्याकडे धाडला,” एक जण म्हणाला.

“आणि आपल्या पोराची एक जागा गेली,” दुसरा म्हणाला.

हे दुसरे वाक्य माझे होते. आज कबूल करायला हरकत नाही. बाहेरचा माणूस आला की घरचे एक पान उठते, हा हिशेब मी मांडला होता. १९२३ साली इंदुरातही कुणीतरी असाच हिशेब मांडला असेल, हे मात्र मला सुचले नाही. लेक सासरी जाताना डोळे पुसणारा माणूस सून घरात येताना तिच्या पिशव्या मोजतो, त्यातलाच हा प्रकार.

पुढचे सर्वांना माहीत आहे. एक हंगाम जाफरला दुखापतीने खेळता आले नाही. त्याची भरपाई म्हणून त्याने २०१७-१८ चा हंगाम विदर्भासाठी मानधन न घेता खेळून दिला. ते वाचल्यावर पोह्यांच्या गाडीवर कोणी काही बोलले नाही. मी तर्री जास्त मागितली आणि ठसका लागल्याचे निमित्त केले.

त्या हंगामात उपांत्य सामन्यात कर्नाटकाला पाच धावांनी हरवून विदर्भ पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोचला. आणि तो सामना कुठे असावा? इंदूरला, होळकर स्टेडियमवर! मी लेकीच्या घरी नवे वर्ष साजरे करण्याच्या सबबीखाली गाडीत बसलो. नातू तेव्हा लहान. त्याला शेजारी बसवून मी रजनीश गुरबानीची त्रिक्रमी गोलंदाजी पाहिली, अक्षय वाडकरचे शतक पाहिले. १ जानेवारी २०१८ रोजी चौथ्या दिवशी विजयासाठी थोड्याच धावा उरल्या होत्या. शेवटचे चौकार जाफरच्या बॅटमधून निघाले. नऊ गडी राखून विदर्भ जिंकला. साठ वर्षांनी.

शेजारी एक वयस्क इंदूरकर बसले होते. मी रुमाल काढलेला पाहून ते म्हणाले, “तुम्ही नागपूरचे दिसता.” मी मान हलवली. तर ते म्हणाले, “मग आज सी. कें.चं देणं फिटलं म्हणा.”

मला वडिलांची वही आठवली. ते असते तर म्हणाले असते, व्याज राहिले. मी मात्र त्या गृहस्थांचा हात हातात घेतला आणि घटकाभर सोडला नाही.

ही गोष्ट इथेच संपवली असती, पण गेल्या दोन-तीन वर्षांनी तिला शेपूट जोडले आहे. २०२३-२४ च्या हंगामात कर्नाटकाचा करुण नायर विदर्भाकडे आला. कसोटीत नाबाद ३०३ काढूनही बाजूला पडलेला हा फलंदाज. या वेळी मी पिशव्या मोजल्या नाहीत. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस जामठ्याला केरळविरुद्ध अंतिम सामना सुरू झाला. पहिल्या डावात तीन गडी झटपट गेले, आणि करुण नायरच्या जोडीला उभा राहिला आमचा एकवीस वर्षांचा दानिश मालेवार. दोघांनी २१५ धावांची भागी केली. बाहेरच्याने ८६ केल्या, घरच्याने १५३. दुसऱ्या डावात नायरने १३५ केल्या. पहिल्या डावातल्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक घेतला. हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेऊन विक्रम केला, तोही घरचाच. पोरांची जागा जाते म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांना याहून चांगले उत्तर कोणते?

मालेवार बाद झाला तोच इंदूरहून फोन आला.

“आजोबा, १५३! सी. के.एवढेच!”

“आपले सी. के.,” मी म्हटले.

तो पलीकडे थांबला. मला वाटले, आता भांडणार. पण म्हणाला, “हो, आपले.”

त्या एका शब्दात नागपूर आले की इंदूर, हे मी विचारले नाही. २०२५-२६ च्या हंगामात करुण नायर आपल्या कर्नाटकाकडे परत गेला. पोह्यांच्या गाडीवर बातमी कळली तेव्हा आमच्यापैकी एक जण म्हणाला, “गेला बिचारा. जीव लावून गेला.” दोन वर्षांपूर्वी तो कुठून आला हे त्या क्षणी कुणालाच आठवले नाही. तेव्हा मला कळले की खेळाडू आला त्या दिवशीच्या जिलब्यांना फारसा अर्थ नसतो. तो गेल्यावर ज्यांचा घास क्षणभर थांबतो, त्यांचा तो झालेला असतो. या न्यायाने सी. के. आमचे आहेत, कारण न्हाव्याचा वस्तरा थांबला होता. आणि १४ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांनी देह ठेवला तो इंदूरला, तेव्हा ते इंदूरचेही आहेतच.

यंदाही भाऊबीजेला लेक येणार आहे. तिच्याबरोबर लाल सदराही येईल. कपाटातली वडिलांची वही मी काढून ठेवली आहे. ‘आपले सी. के.’ या ओळीखाली थोडी जागा रिकामी आहे. दानिश मालेवारच्या १५३ धावांचे कात्रण तिथे नातवाच्या हाताने चिकटवून घ्यायचे आहे. खाली काय लिहायचे, ते त्याचे त्याने ठरवावे.