टपाचा प्रश्न

१ मे १९५५. उत्तर इटलीतील ब्रेशिया शहरातून ‘मिल्ले मिल्या’ या शर्यतीच्या गाड्या एकामागून एक सुटत होत्या. ब्रेशियाहून रोम आणि रोमहून परत ब्रेशिया, असा सुमारे १६०० किलोमीटरचा मार्ग, तोही नेहमीच्या वहिवाटीच्या रस्त्यांवरून. गाडीवर रंगवलेला आकडा म्हणजे तिच्या सुटण्याची वेळ. पहाटे ४ वाजून १७ मिनिटांनी ४१७ क्रमांकाची मर्सिडीज निघाली आणि तीन तासांनी, ७ वाजून २२ मिनिटांनी, ७२२ क्रमांकाची. पहिली ३०० एसएल, टपबंद. चालक अमेरिकन जॉन फिच. दुसरी ३०० एसएलआर, उघडी. चालक इंग्रज स्टर्लिंग मॉस.

मॉसने ती शर्यत १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत जिंकली. सरासरी वेग ताशी १५७ किलोमीटरांहून अधिक. त्याच्या शेजारी डेनिस जेंकिन्सन हा दाढीवाला पत्रकार बसला होता. रस्त्यावरची वळणे आणि चढउतार त्याने आधीच टिपून ठेवले होते. त्या टिपणांची सुमारे साडेपाच मीटर लांबीची कागदी गुंडाळी अॅल्युमिनियमच्या डबीत घालून तो एकेक वळण मॉसला हाताच्या खुणांनी सांगत होता. बोलून सांगणे शक्यच नव्हते, कारण वाऱ्यात आणि इंजिनाच्या आवाजात काहीही ऐकू येत नव्हते. मध्येच त्याला मळमळले, तो बाहेर वाकला आणि वाऱ्याने त्याचा चष्मा उडवून नेला. दुसरा चष्मा खिशात होता, म्हणून निभावले.

फिच एकंदरीत पाचवा आला आणि आपल्या वर्गात पहिला. त्याच्या शेजारी बसलेल्या कुर्ट गेझेलच्या चष्म्याची काही कथा सांगितली जात नाही.

या दोन गाड्यांची सरळ तुलना न्याय्य नाही, हे आधीच कबूल करतो. एसएलआर ही ग्रां प्रीच्या गाडीतून जन्मलेली शर्यतीची गाडी. एसएल पैसे मोजून कुणालाही घेता येणारी. पण त्या दिवशीची शेजारची बैठक माझ्या मनातून जात नाही. तिला एक घरगुती कारणही आहे. माझा भाचा पुण्याहून शिकून स्टुटगार्टला नोकरीला गेला. मुंबई आणि स्टुटगार्ट या १९६८ पासून भगिनी-नगरी आहेत, आणि आता तिथे गणपतीही बसतो. त्याने गेल्या वर्षी फोनवर विचारले, “मामा, जुनी बीएमडब्ल्यू झेड-३ घ्यायची आहे. कूप घेऊ की उघडी?” मी हसण्यावारी नेले. मग वाचत गेलो, तसतसे लक्षात आले की मोठमोठ्या कारखान्यांनी याच प्रश्नापायी रात्री जागवल्या आहेत.

आधी शब्दांचे बघू. ‘कूप’ हा फ्रेंच शब्द, अर्थ ‘कापलेली’. घोडागाडीच्या काळात मोठ्या बंद बग्गीतली पुढची बैठक कापून दोघांपुरती आटोपशीर बग्गी करत, ती कूप. म्हणजे जिचा टप शाबूत आहे तिलाच कापलेली म्हणायचे! ‘कॅब्रिओले’ मागे उडी मारण्याचा अर्थ आहे. हलकी दोन चाकी गाडी खडबडीत रस्त्यावर उड्या मारत जाई म्हणून. आपल्याकडे शब्द सरळ आहे: टप. टांग्याला टप, बैलगाडीला टप. तो पाहिजे तेव्हा चढवायचा, नको तेव्हा उतरवायचा.

मोटारीत तो इतक्या सहजी उतरवता येत नाही. दिवाळीत चकल्यांसाठी काढतो तो पत्र्याचा चौकोनी डबा घ्या. झाकण घट्ट बसवून दोन्ही हातांनी पिळून बघा. डबा दाद देत नाही. झाकण काढा, तोच डबा कुरकुरतो आणि वाकडा होतो. पत्र्याचे कवच हाच जिचा सांगाडा असतो, त्या मोटारीचे तसेच आहे. टप काढला की खालच्या बाजूला जास्तीचे पोलाद घालावे लागते, म्हणजे वजन वाढते. तरीही खड्ड्यात चाक गेले की पुढची काच आणि सुकाणूचा दांडा थरथरतो तो थरथरतोच.

३०० एसएलची कथा मात्र या नियमात बसत नाही, आणि म्हणूनच ती मला अधिक बोलकी वाटते. १९५२ साली मर्सिडीजने युद्धानंतर पुन्हा शर्यतीत उतरायचे ठरवले, तेव्हा हाताशी इंजिन होते ते मोठ्या घरगुती गाडीचे. जड आणि फारसे ताकदवान नसलेले. रुडॉल्फ उलेनहाउट या अभियंत्याने हिशेब केला, की ताकद कमी असेल तर वाऱ्याचा विरोध तरी कमी करावा. इंजिन एका कुशीवर तिरपे कलंडवून बॉनेट बुटके केले आणि वर गुळगुळीत टप चढवला. इथे टप आला तो वेगासाठी. चालकाचे डोके कोरडे राहणे हा वरचा फायदा. सांगाडा बारीक नळ्यांचा, त्रिकोणांनी जोडलेला. त्याला ताकद यावी म्हणून नळ्या दोन्ही बाजूंना इतक्या उंच आल्या, की दाराला जागाच उरली नाही. मग दार वरच्या बाजूने, टपाचा तुकडा घेऊन उघडायचे ठरले. पंख पसरलेल्या पक्ष्यासारखी दिसणारी ती जगप्रसिद्ध दारे अशी नाइलाजातून आली.

त्या वर्षी टपबंद एसएलने ‘ल मान्स’ची २४ तासांची शर्यत जिंकली. पण ऑगस्टमध्ये न्यूरबुर्गरिंगच्या वळणावळणांच्या मार्गावर जायचे होते. तिथे सरळ धावण्याच्या वेगापेक्षा हलकेपणा कामाचा. उलेनहाउटच्या माणसांनी टप सरळ कापून टाकले. ताकद बाजूच्या नळ्यांत असल्याने गाडीचे काही बिघडले नाही. पहिले चारही क्रमांक या बोडक्या गाड्यांनी घेतले. नोव्हेंबरात मेक्सिकोतील ‘कारेरा पानामेरिकाना’ला कंपनीने दोन्ही प्रकार नेले. तिथे कार्ल क्लिंगच्या कूपच्या पुढच्या काचेवर एक गिधाड आदळले आणि काच फोडून आत आले. घायाळ झाला तो शेजारी बसलेला हान्स क्लेंक. पुढच्या टप्प्यासाठी काचेपुढे लोखंडी गज बसवले गेले, आणि क्लिंग-क्लेंक जोडी शर्यत जिंकली. उघड्या गाडीत तो पक्षी कुठे गेला असता, याचा विचार मी फार वेळ करत नाही.

ही गाडी बाजारात आणण्यामागे न्यूयॉर्कचा आयातदार मॅक्स हॉफमन होता, मूळचा ऑस्ट्रियाचा. गिऱ्हाइकाची नाडी त्याला पक्की ठाऊक. ६ फेब्रुवारी १९५४ रोजी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ३०० एसएल कूप उभी राहिली आणि तिच्याच शेजारी तिची धाकटी, स्वस्त, उघडी बहीण १९० एसएल. याच हॉफमनने पोर्शेकडे तगादा लावून ३००० डॉलरच्या आतली उघडी ‘स्पीडस्टर’ करवून घेतली. कॅलिफोर्नियात ऊन आहे, समुद्र आहे आणि लोकांना आपण दिसायला हवे आहोत, हे त्याचे साधे गणित.

३०० एसएल कूपच्या मालकांच्या तक्रारी आज वाचताना गंमत वाटते. आत शिरताना उंच उंबरा ओलांडावा लागे, म्हणून सुकाणूचे चाक खाली दुमडण्याची सोय करावी लागली. साडी नेसून त्या गाडीत बसण्याची कल्पना करून पाहा! काचा खाली होत नसत. फार तर काढून मागे ठेवता येत. उन्हात आत भट्टी होई. मर्सिडीजने १९५७ च्या मार्चमध्ये जिनिव्हात रोडस्टर आणली, तेव्हा सांगाड्याच्या बाजूच्या नळ्या खाली घेतल्या, इतरत्र बळकटी दिली आणि नेहमीसारखी दारे बसवली. वजन शंभर किलोंहून अधिक वाढले. मागच्या चाकांची रचनाही सुधारली. कूप जोरात वळवताना मध्येच पाय काढला तर मागची बाजू अचानक निसटे. ती भीती बरीच कमी झाली.

म्हणजे ३०० एसएलच्या बाबतीत अडचण टपाची कधीच नव्हती. अडचण उंबऱ्याची होती. उंबरा उंच राहिला तोवर टप काढणे एका दुपारचे काम होते. माणसांना सुखाने आतबाहेर करता यावे म्हणून उंबरा उतरवला, तेव्हा वजनाची किंमत मोजावी लागली. मोटारींवरच्या पुस्तकांत पंखांच्या दारांचे कौतुक पानोपानी असते. ही गोष्ट मात्र ओझरती येते.

लोकांना उघडी गाडी हवी होती म्हणून कूप बंद झाली, असे सर्रास लिहिले जाते. आकडे तितके सरळ बोलत नाहीत. १९५४ ते १९५७ या तीन वर्षांत कूप निघाल्या १४००, तर रोडस्टर १९६३ पर्यंतच्या सहा वर्षांत १८५८. वर्षाकाठी पाहिले तर कूपच पुढे. रोडस्टर महाग होती, हेही खरे. आज लिलावात साधारणपणे कूपला अधिक भाव येतो; ज्या दारांना लोक कंटाळले होते त्याच दारांसाठी.

मॉसच्या विजयानंतर उलेनहाउटने उघड्या एसएलआरवर टप चढवून दोन कूप बनवल्या. १९५६ च्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत चालकांना वारा-पावसापासून आडोसा मिळावा हा हेतू. पण ११ जून १९५५ ला ल मान्समध्ये मर्सिडीजची गाडी प्रेक्षकांत घुसली, ऐंशीहून अधिक माणसे मेली, आणि वर्षाअखेर कंपनीने शर्यतीतून अंग काढून घेतले. त्या दोन कूप एकाही शर्यतीत धावल्या नाहीत. उलेनहाउट त्यांतली एक कामावर येण्याजाण्यासाठी वापरी. आतला आवाज असह्य, उष्णताही तशीच. मे २०२२ मध्ये त्यांतली एक १३ कोटी ५० लाख युरोंना विकली गेली. दुसरी कंपनीच्या ताब्यात आहे.

पुढच्या काळात हा प्रश्न वकिलांच्या हाती गेला. अमेरिकेत १९६५ साली सुमारे पाच लाख उघड्या गाड्या खपल्या होत्या. मग गाडी उलटली तर आतल्यांचे काय, हा विचार सरकारी नियमांत शिरला. उघड्या गाड्यांवर बंदी येणार, असे सगळे धरून चालले. पोर्शेने १९६५ सालीच मधला मार्ग काढला होता: ९११ ‘टार्गा’. डोक्यामागे पोलादाची रुंद कमान आणि तिच्यापुढे काढता येणारा टपाचा तुकडा. ब्रिटनमध्ये १९७५ साली ट्रायम्फ टीआर-७ आणि जग्वार एक्सजे-एस या दोन्ही गाड्या टपबंदच निघाल्या. ज्या ट्रायम्फने उघड्या गाड्यांवर नाव कमावले, तिची ही अवस्था! बंदी कधी आलीच नाही. १९७२ साली तिथल्या न्यायालयाने सुरक्षेचा नियम लावताना उघड्या गाडीचा प्रकारच नष्ट होईल असे करता येणार नाही, असे म्हटले होते. तरी कारखानदार बिचकले ते बिचकलेच. एप्रिल १९७६ मध्ये कॅडिलॅकने शेवटची उघडी अमेरिकन गाडी म्हणून ‘एल्डोराडो’ गाजावाजा करून विकली. १९८४ साली त्याच कंपनीने पुन्हा उघडी एल्डोराडो आणली, तेव्हा शेवटची म्हणून जपून ठेवणारे काही मालक चिडून कोर्टात गेले. भीतीने घेतलेला निर्णय अन्यायापेक्षा महाग पडतो, असे मला या प्रकरणात वाटते. पण त्या मालकांना ते पटले नसते.

उघड्या गाडीला खरे जीवदान दिले ते १९८९ साली जपानी माझ्दाच्या एमएक्स-५ ने. ती मुळातच बिनटपाची आखलेली होती. कूपचा टप कापून केलेली नव्हती. आजवर अशा दहा लाखांहून अधिक गाड्या निघाल्या.

आपल्याकडे या प्रश्नाचा इतिहास एका परिच्छेदात मावतो. गोव्यात सॅन मोटर्सने ‘स्टॉर्म’ नावाची फायबरच्या बॉडीची, रेनॉच्या इंजिनाची छोटी दोन आसनी उघडी गाडी बनवली. पुढे दिलीप छाब्रियांच्या डीसीने ‘अवंती’ आणली. २०१२ च्या दिल्लीतील प्रदर्शनात ती दिसली. इंजिन पुन्हा रेनॉचेच, पण गाडी टपबंद कूप. पावसाळ्याचे चार महिने आणि उरलेल्या आठ महिन्यांची धूळ लक्षात घेतली, तर माझे मत अवंतीच्या बाजूने पडते. गोव्याच्या गाडीवर माझा जीव मात्र अधिक आहे.

आता भाचा. बीएमडब्ल्यूची झेड-३ आधी उघडी निघाली. १९९८ मध्ये काही अभियंत्यांच्या हट्टापायी तिला कूपचे रूप मिळाले. अट अशी, की बहुतेक भाग उघड्या गाडीचेच वापरायचे. मागे लांबट टप जोडला, आणि पीळ सोसण्याची ताकद अडीच पटींहून अधिक झाली. दिसायला ती अशी विचित्र, की अमेरिकेत तिला विदूषकाचा बूट म्हणतात. सुमारे तीन लाख झेड-३ पैकी कूप अठरा हजारांच्या आत. त्यामुळे आता दुर्मिळ आणि महाग. मी हे सारे त्याला लिहून पाठवले आणि कूप घे असे सुचवले.

त्याने दोन्ही गाड्या चालवून पाहिल्या. शेजारी भाचेसून बसली होती. नंतर फोन तिनेच केला. “मामा, कूपमध्ये मला याचे बोलणे ऐकू येत होते,” ती म्हणाली. मला वाटले, निकाल लागला. “म्हणून आम्ही उघडी घेतली,” ती पुढे म्हणाली आणि दोघेही हसू लागले.

गाडीबरोबर जुन्या मालकाने काढता-घालता येणारा पक्का टपही दिला. मेपासून सप्टेंबरपर्यंत तो त्यांच्या इमारतीच्या तळघरात भिंतीला टेकून उभा असतो, आणि त्याच्यामुळे सायकली ठेवायला जागा नाही, अशी शेजाऱ्यांची तक्रार आहे.