काशीयात्रेपासून साइड लोअरपर्यंत

बडोदा स्टेशनच्या पूर्वेला सयाजीगंज आणि पश्चिमेला अलकापुरी. मुंबईहून आलेला लोहमार्ग याच जंक्शनावर दुभंगतो. एक फाटा अहमदाबादकडे जातो, दुसरा गोध्रा-रतलामवरून दिल्लीकडे. त्यामुळे अलकापुरीच्या रहिवाशाला घरापासून चालत जाऊन देशाच्या जवळजवळ कोणत्याही कोपऱ्याची गाडी धरता येते. हल्ली या स्टेशनावर पाठीवर सॅक घेतलेली तरुण जोडपी दिसतात. ती टूर कंपनीबरोबर जात नाहीत की विमानाने जात नाहीत. स्लीपरची दोन तिकिटे काढून बनारस, गुवाहाटी किंवा केरळ गाठायचे, वाटेत उतरत, राहत, पुन्हा पुढची गाडी पकडायची, असा त्यांचा बेत असतो. वडीलधाऱ्यांना हे परदेशी वळण वाटते आणि त्या तरुणांनाही आपण काही नवे करतो आहोत असे वाटते. माझे म्हणणे असे की दोघांचाही समज चुकीचा आहे. जोडीने लांबचा प्रवास करण्याची आस आपल्याकडे जुनी आहे. नवे आहे ते त्या जोडीला मिळालेले शेजारी बसण्याचे स्वातंत्र्य. ते कोणत्या फॅशनने दिलेले नाही. रेल्वेच्या सर्वांत साध्या वर्गातल्या आरक्षित बर्थने ते दिले.

रेल्वेपूर्वीचा प्रवास कसा होता हे विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मधून कळते. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक 1857 साली चुलत्याबरोबर उत्तरेकडे निघाला. घरचे कर्ज फेडावे म्हणून दक्षिणा मिळवणे हा हेतू होता. पुढे बंडाच्या धामधुमीत सापडून, काशी करून, गंगाजलाची कावड खांद्यावर घेऊन तो परतला. या साऱ्या काळात बायको घरीच होती. पायी, बैलगाडीने, महिनोन्‌महिने चालणाऱ्या आणि वाटमारीचे भय असलेल्या प्रवासात सामान्य गृहस्थाने पत्नीला सोबत नेणे सोपे नव्हते. लोहमार्गाने हे अंतर मोडले. बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया कंपनीचा मार्ग 1861 साली बडोद्यापर्यंत आला आणि 1864 साली तो मुंबईपासून अहमदाबादपर्यंत जोडला गेला. 1870 साली मुंबई-कलकत्ता मार्ग जबलपूर-अलाहाबादवरून पूर्ण झाला. 1900 साली सुरत ते अमळनेर हा ताप्ती खोऱ्यातला मार्ग खुला झाल्यावर गुजरातेतून मुंबईला न जाता थेट खानदेश आणि तिथून उत्तर हिंदुस्थान गाठता येऊ लागले. महिन्यांचा प्रवास दिवसांवर आला. हिंदी माणूस आगगाडीत फारसा बसणार नाही अशी शंका सुरुवातीला घेतली गेली होती. तिसऱ्या वर्गाच्या गर्दीने तिचे उत्तर दिले आणि त्या गर्दीचा मोठा भाग यात्रेकरूंचा होता.

या यात्रेत जोडीला खास स्थान होते. प्रयागच्या त्रिवेणीवर महाराष्ट्रातून गेलेल्या सवाष्णीने वेणीदान करायचे, तर नवऱ्याने तिची वेणी घालायची आणि केसांचे टोक संगमात अर्पण करायचे असा रिवाज आहे. तो विधी एकट्याने होत नाही, जोडपेच लागते. यज्ञ, व्रत, तीर्थश्राद्ध यांत सपत्नीक बसण्याचा आग्रह सर्वपरिचित आहे. म्हणजे ‘दोघांनी मिळून दूर जावे’ ही कल्पना धर्माने केव्हाच मान्य केली होती, आणि आगगाडीने ती थोड्या पैशांत शक्य केली. मात्र त्याच आगगाडीने डब्याच्या दारात नवरा-बायकोची ताटातूट केली. 1890 च्या रेल्वे कायद्याच्या 64 व्या कलमाने प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक डबा फक्त स्त्रियांसाठी राखणे कंपन्यांना बंधनकारक केले; पन्नास मैलांहून लांब जाणाऱ्या गाडीत अशा एका डब्याला शौचकूपही असले पाहिजे असे म्हटले. त्या काळी ही सोय फार मोलाची होती. पडदा पाळणाऱ्या, परक्या पुरुषांच्या गर्दीला भिणाऱ्या असंख्य बायका त्यामुळेच घराबाहेर पडू शकल्या. पण परिणाम असा की जोडीने निघालेली माणसे प्रवास मात्र वेगळा करत. तो मर्दानी डब्यात, ती जनानी डब्यात. मोठे स्टेशन आले की त्याने उतरून तिची चौकशी करायची, पाणी द्यायचे आणि शिट्टी होताच आपल्या डब्याकडे पळायचे.

वरच्या वर्गातली माणसे याला अपवाद होती. वित्त समितीवर नेमणूक झाल्यानंतर 1886 च्या सुमारास न्यायमूर्ती रानडे सिमला आणि कलकत्त्याला राहिले, तेव्हा रमाबाई त्यांच्याबरोबर होत्या. 1910 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींत नवऱ्याच्या सहवासात देश पाहणाऱ्या, वाटेत शिकणाऱ्या स्त्रीचे चित्र मिळते. गोपाळराव जोशींच्या टपाल खात्यातल्या बदल्यांमुळे त्यांच्या पत्नी आनंदीबाई अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, सेरामपूर अशा फिरल्या. बडोदा कॉलेजात शिकवणारे अरविंद घोष यांचे 1901 साली कलकत्त्याला लग्न झाले. त्यानंतर मृणालिनीदेवींना घेऊन ते देवघर आणि नैनिताल करत बडोद्याला आले, तेव्हा बहीण सरोजिनी बरोबर होती. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण सुशिक्षितांचाही जोडीचा प्रवास अजून निव्वळ दोघांचा नव्हता. कुणी तरी नात्याचे सोबत असेच. तिसऱ्या वर्गात तर याहून कठीण. 1915 साली गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या निधनाची वार्ता कळल्यावर गांधीजी, कस्तुरबा आणि पुतणे मगनलाल शांतिनिकेतनहून पुण्याला निघाले. बर्दवानला तिसऱ्या वर्गाचे तिकीट मिळवताना आणि गाडीत शिरताना त्यांची दमछाक झाली. तिथे जागाच नव्हती म्हणून गांधीजी आणि कस्तुरबा इंटर वर्गात चढले, तर आसनसोलला गार्डने जादा भाडे वसूल केले. गर्दीच्या डब्यात दोघांना एकत्र जागा हवी असेल तर तिची किंमत मोजावी लागे.

हे चित्र स्वातंत्र्यानंतर पालटले, आणि त्यात बडोद्यासारख्या शहरांचा वाटा आहे. जुन्या बडोद्यात मराठी वस्ती होती ती गायकवाडी सरकारच्या नोकरीमुळे, मुख्यतः दांडिया बाजार, रावपुरा या भागांत. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना 1965 साली सुरू झाला, फर्टिलायझर कारखान्याचे उत्पादन 1967 साली, आणि 1969 साली आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीची स्थापना झाली. केरळ, बंगाल, आंध्र, महाराष्ट्र अशा सर्व दिशांनी तरुण नोकरदार आले आणि स्टेशनच्या पश्चिमेला शहर वाढत गेले. या वस्तीत जोडपे हेच घर होते. सासूसासरे गावी, मुले लहान. 1956 साली केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना रजा प्रवास सवलत (एलटीसी) दिली. पुढे ठरावीक वर्षांतून एकदा गावाऐवजी भारतात कुठेही जाण्याची मुभा मिळाली आणि इतर अनेक आस्थापनांनी ही पद्धत उचलली. सहकुटुंब देश पाहणे हा नोकरीचा भाग झाला. एकत्र कुटुंबाने काशीला जाणाऱ्या पिढीच्या शेजारी, एलटीसीवर कन्याकुमारीला जाणारे दांपत्य उभे राहिले.

तरीही निर्णायक बदल डब्याच्या आत झाला. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत तिसऱ्या वर्गात झोपण्याची आरक्षित जागा मिळू लागली, तीन मजली बर्थचा डबा आला, आणि 1974 साली तिसरा वर्ग हे नावच रद्द झाले. 1977 साली रेल्वेमंत्री झालेल्या मधु दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंची फोम घालण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी 26 डिसेंबरला मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस ही वर्गभेद नसलेली गाडी धावली. कोकणच्या या समाजवादी नेत्याने लांबच्या प्रवासाचा मूलभूत आराम गरिबाच्या डब्यात आणला. आरक्षणाने आणखी एक गोष्ट केली. अर्जात नाव, वय आणि लिंग विचारले जाते. सोबतच्या माणसाशी नाते काय, हे विचारले जात नाही. लॉजच्या नोंदवहीसमोर अविवाहित जोडप्याला अजूनही अवघडावे लागते, पण रेल्वेच्या तिकीट खिडकीने हा प्रश्न कधी केला नाही. एकाच पीएनआरवर दोन नावे, समोरासमोरचे बर्थ, नाहीतर साइड लोअर आणि साइड अपर. आरएसी असेल तर एकाच साइड लोअरवर दोघे अर्धे-अर्धे बसतात. जनानी डब्यापासून इथपर्यंतचे अंतर, माझ्या मते, मुंबई-कलकत्ता मार्गाइतकेच मोठे आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की सॅक पाठीवर टाकून, स्वस्तात, वाट सुचेल तसे फिरणे ही गोष्ट हिप्पींनी आणि परदेशी मार्गदर्शक पुस्तकांनी शिकवली. यात तथ्य आहे. टोनी आणि मॉरीन व्हीलर या जोडप्याने 1972 साली लंडनहून आशिया खंड ओलांडून ऑस्ट्रेलिया गाठले, त्यावर 1973 साली छोटे पुस्तक काढले, आणि 1981 साली त्यांच्याच लोन्ली प्लॅनेटचे भारतावरचे पुस्तक आले. पण त्यांच्या आधी सत्तर वर्षे, 1902 साली, गांधीजी कलकत्त्याहून राजकोटला तिसऱ्या वर्गाने निघाले ते वाटेत काशी, आग्रा, जयपूर, पालनपूर इथे उतरत. सोबत बारा आण्यांची कॅनव्हासची पिशवी आणि गोखल्यांनी दिलेला फराळाचा डबा होता, आणि सारा खर्च एकतीस रुपयांच्या आसपास झाला. वाटेत उतरत जाण्याची सोय रेल्वेच्या भाडेपद्धतीतच आहे. अंतर वाढते तसा दर मैलामागचा आकार उतरतो. वर्तुळ-प्रवासाच्या एका तिकिटावर आठ ठिकाणी उतरता येते. फिरस्तीचे हे गणित यात्रेकरूंना पाठ होते. काशी, प्रयाग, गया ही त्रिस्थळी यात्रा म्हणजे उतरत-चढत करण्याचाच प्रवास. परदेशी पाहुण्यांनी सॅकचा आकार दिला, मार्ग मात्र आधीच मळलेला होता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. यात्रेकरू पुण्यासाठी जात, टोळीने जात, आणि बायको जाई ती नवरा नेईल तिथे. त्याला जोडीचा प्रवास म्हणणे म्हणजे जुन्या सक्तीला नवे कपडे घालणे आहे. सक्ती होती हे नाकारता येणार नाही. आनंदीबाईंच्या बदल्या गोपाळरावांच्या होत्या, मृणालिनीदेवींचा मार्ग अरविंदांनी ठरवला. वेणीदानातही पुढाकार कोणाचा हे उघड आहे. पण इतिहासात हेतू आणि परिणाम नेहमी एकाच दिशेने जात नाहीत. पुण्यासाठी निघालेल्या बाईने वाटेत नर्मदा पाहिली, परकी भाषा ऐकली, स्टेशनावर पुरी-भाजी विकत घेतली, आणि घरी परतल्यावर तिच्याजवळ सांगण्यासारखे काही होते. 1883 साली आनंदीबाई कलकत्त्याहून नवऱ्याविना अमेरिकेला निघाल्या. त्याआधीची सगळी भ्रमंती त्यांच्या पाठीशी होती. टोळीचे म्हणाल, तर 1984 साली सुरू झालेल्या ‘केसरी’सारख्या मराठी सहलींनी ती परंपरा आजवर जपली आहे, आणि अलकापुरीतून दोघेच निघणारे जोडपे त्या परंपरेतूनच बाहेर पडले आहे, तिच्या विरोधात नव्हे. फरक एवढाच की आता कुठे उतरायचे हे दोघे मिळून ठरवतात. तो फरक लहान नाही, आणि तो घडवण्यात स्त्रीशिक्षणाइतकाच आरक्षित बर्थचाही हात आहे.

22 सप्टेंबर 2017 रोजी बडोदा-वाराणसी महामना एक्स्प्रेस सुरू झाली. ती सुरत, भुसावळ, इटारसी, जबलपूर या मार्गाने जाते, म्हणजे बव्हंशी त्याच लोहमार्गांनी, ज्यांवरून आपल्या पणजोबा-पणजींनी काशी केली. तिच्या एकाच डब्यात गंगास्नानाला निघालेले साठीतले दांपत्य आणि घाटांवर फिरायला निघालेले पंचविशीतले जोडपे शेजारी बसू शकतात, कारण दोघांनाही परवडेल असा वर्ग त्या गाडीत आहे. म्हणून गेल्या काही वर्षांत लांब पल्ल्याच्या अनेक गाड्यांत स्लीपरचे डबे घटवून वातानुकूलित डबे वाढवण्याचा जो कल दिसला, तो केवळ सोयीचा प्रश्न मानू नये. वेगवान, गारेगार गाड्या जरूर हव्यात. पण दीडशे वर्षांत या देशातल्या साध्या जोडप्याला एकत्र बसून देश पाहण्याचा जो हक्क मिळाला, तो स्लीपरच्या डब्यात मिळाला आहे. तो डबा टिकवणे आणि वर्तुळ-प्रवासाचे तिकीट तरुणांपर्यंत पोचवणे हे रेल्वेचे काम आहे. आणि त्याचा आग्रह धरणे हे, अलकापुरीतल्या असोत की अमळनेरच्या, प्रवास करणाऱ्या प्रत्येक जोडप्याचे.